फणसाखालचं खळं

पोशीरच्या नव्या शाळेच्या आवारातला फणस मरावा, असं कुणालाही वाटत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं वाचताना एखाद्याला तसा संशय येईल. उलट त्या झाडावर सगळ्यांचा इतका जीव होता, की जो तो त्याच्या अगदी जवळ जाऊन जीव लावत होता. अडचण काय ती एवढीच होती.

झाड मोतीबाईंचं आणि जागाही त्यांचीच. भातशेतांच्या कडेची ती उंचवट्याची जमीन त्यांनी कर्जतच्या आमच्या शिक्षण संस्थेला शाळेसाठी दिली. सही करताना त्यांनी एकच अट घातली. "ह्यो फणस माज्या सासऱ्यानं लावलाय. त्यो उभा हाय तवर त्याच्याखालची जागा पोरांची. त्यो गेला की मंग तितं तुमी काय वाटंल ते करा."

संस्थेचा अध्यक्ष देवव्रत माझा जुना विद्यार्थी. त्यानं ही अट डोळे पुसत मान्य केली. डोळे खरेच ओले झाले होते, मी शेजारीच बसलो होतो. त्यानंतर काही दिवसांनी इमारतीचा आराखडा आला. त्यात फणसाचं छान हिरवं वर्तुळ होतं आणि त्या वर्तुळात, फिकट रेषांनी, मोटारी उभ्या करण्याचे चौकोन आखलेले होते.

"हे काय रे?" मी विचारलं.

"सर, तो फक्त दूरचा विचार आहे. झाड काय, माणूस काय, कुणी अमरपट्टा घेऊन येत नाही." देवव्रत म्हणाला.

संस्थेनं मला पर्यावरण सल्लागार नेमलं. म्हणजे सभेत पहिल्या रांगेत खुर्ची आणि एक गुलाब. मी निवृत्त माणूस, वेळ भरपूर. जुन्या शाळेची खोली पाडल्यामुळे लहान मुलांचा वर्ग फणसाखालीच भरायचा. वर्ग घ्यायची मोतीबाईंची सून हर्षला. मी अधूनमधून जाऊन त्या मुलांना गोष्टी सांगायचो, पानं ओळखायला लावायचो. फणसाच्या सावलीसारखी सावली दुसरी नाही. जाड, गार, आणि वर पाहिलं की ऊन कुठून येतंय ते सापडत नाही.

बांधकामाचं कंत्राट लोधिवलीच्या नीलेशला मिळालं. हाही माझा विद्यार्थी. शाळेत शेवटच्या बाकावर असायचा, आता हायवेच्या कामांतून वर येऊन दोन जेसीबी आणि एक रोलर यांचा मालक झाला होता. रोलरला दर दसऱ्याला हार घालणारा, मनानं सरळ पोरगा.

काम सुरू व्हायच्या आधी मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "नीलेश, फणसाच्या खाणाऱ्यापिणाऱ्या मुळ्या खोल नसतात. वीतभर वरच्या मातीतच पसरलेल्या असतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. ती माती चेपली गेली तर झाड गुदमरतं. घेराच्या बाहेरून कुंपण घाल. आत काहीच जाता कामा नये."

"सर, तुम्ही सांगितलं आणि झालं नाही, असं होईल का?"

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी कुंपण झालं. चांगले बांबू, हिरवी जाळी, कडी लावायला फाटकसुद्धा. मला भरून आलं. आठवड्यानं गेलो तर कुंपणाच्या आत सिमेंटच्या गोण्यांची थप्पी, सळ्या, पाण्याची टाकी आणि सावलीत उभा केलेला रोलर.

"नीलेश, हे काय?"

"सर, आख्ख्या साइटवर कुंपण असलेली जागा हीच एक. बाहेर सळ्या ठेवल्या तर रात्रीत गायब होतात. तुमच्यामुळे माल सुरक्षित राहिला बघा."

"आणि रोलर?"

"तो उन्हात तापतो."

मी त्याला पुन्हा समजावलं. मातीत निम्मी माती आणि निम्मी पोकळी असते, त्या पोकळीत हवा आणि पाणी राहतं, मुळ्या तिथून श्वास घेतात. त्यानं मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "पण सर, आपण तर पोकळी काढायचेच पैसे घेतो. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पोकळी राहिली तर बिल पास होत नाही."

त्याचं चुकत नव्हतं. रस्त्याला जे औषध ते झाडाला विष, हे त्याला कुणी शिकवलं असतं तर मीच शिकवायला हवं होतं, आणि पुस्तकात तेव्हा तो धडा नव्हता.

माल हलवला गेला. मग देवव्रतनं फलक लावायचा ठरवला: 'हा वृक्ष आपला गुरू आहे. येथे वाहने आणू नयेत.' लोखंडी चौकटीतला मोठा फलक. तो उचलून आणणं शक्यच नव्हतं, म्हणून टेंपो थेट खोडापर्यंत आला. फलकासाठी खड्डा घेतला, त्यात काँक्रीट ओतलं. फोटो काढायला कार्यकारिणीच्या गाड्या आल्या आणि ऊन फार असल्यामुळे फलकाला टेकून उभ्या राहिल्या.

"अरे, फलकावर काय लिहिलंय?" मी विचारलं.

"सर, ते बाहेरच्यांसाठी," देवव्रत म्हणाला. "आणि आम्ही एकदाच आलोय."

मला या 'एकदाच'ची फार भीती वाटते. माती सर्वांत जास्त चेपली जाते ती पहिल्या एकदोन फेऱ्यांतच. पुढच्या फेऱ्या नुसत्या हजेरी लावतात. आणि आपल्याकडे प्रत्येक जण एकदाच येतो. खडीचा डंपर एकदाच, पाण्याचा टँकर एकदाच, खासदार निधीची पाहणी एकदाच, आणि खासदार आले नाहीत म्हणून ती पुन्हा एकदाच.

पावसाळ्यात फणसाखाली पाणी साचलं. लोक म्हणाले, यंदा पाऊस जास्त. पाऊस सरल्यावर पानांची टोकं करपायला लागली आणि नको त्या दिवसांत पानगळ सुरू झाली. शेंड्याकडच्या दोन फांद्या उघड्या पडल्या. हर्षलानं वर्ग थोडा सरकवला, कारण वरून आता ऊन येत होतं. देवव्रतनं आराखडा पुन्हा पाहायला मागवला.

उद्घाटन पौषात ठरलं. भात झोडून झालं होतं, माणसं मोकळी होती. उद्घाटनाच्या चार दिवस आधी मोतीबाईंचा निरोप आला, "मास्तरांना बोलवा, झाडाला मी काय केलंय ते बघू द्या."

मी गेलो. फणसाखाली मोतीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे पसरलं होतं एक सुरेख खळं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भात झोडायला शेतात जी जमीन तयार करतात ते खळं. आधी जमीन सारखी करायची, पाणी शिंपायचं, मग बायकांनी रांगेत बसून लाकडी चोपण्यांनी ती चोपायची, चोपायची आणि वरून शेणानं सारवायची. असं खळं झालं की एक दाणा मातीत जात नाही, की पाण्याचा थेंब मुरत नाही. आमच्या भागात जागेला मान द्यायचा म्हणजे ती चोपायची. लग्नाचा मांडव असो नाहीतर सत्यनारायण, अंगण चोपून सारवल्याशिवाय पाहुण्याला पाय ठेवू देत नाहीत.

"कसं हाय?" मोतीबाईंनी विचारलं. "आळीतल्या समद्या बायका लावल्या. झाड उदास दिसत व्हतं. म्हटलं, त्याच्याखाली जरा झाकपाक करावं, त्यालाबी बरं वाटंल."

सारवण वाळून चकचकीत झालं होतं. खोडाभोवती पांढरी रांगोळी होती. मला काय बोलावं ते सुचेना. शिक्षकाला असं होतं तेव्हा तो मुलांकडे वळतो.

"चला रे," मी म्हणालो, "आज एक गंमत करू. हर्षला, तेलाचा रिकामा डबा आहे का, बूड काढलेला?"

डबा आला. आधी आम्ही तो आवारापलीकडे करवंदीच्या जाळीखाली नेला, जिथे कधी कुणाचा पाय पडत नाही. मातीत थोडा दाबून बसवला आणि वर्गातल्या आरोहीनं त्यात तांब्याभर पाणी ओतलं. मुलं डोकी एकत्र करून आत पाहत राहिली.

"गेलं!" आरोही ओरडली.

"कुठं गेलं?"

"खाली. मातीनं पिलं."

मग आम्ही डबा फणसाखाली आणला. तो खळ्यात बसेचना. शेवटी कडेला ओली माती लावून बंद केला आणि पाणी ओतलं. मुलं पुन्हा वाकली. पाणी तिथंच. एकानं फुंकर घालून पाहिली. एक म्हणाला, पाणी झोपलं. हर्षलानं मधे हजेरी घेतली, एक कविता म्हणून घेतली, तरी पाणी तिथंच.

"आजोबा, हे का नाय जात?" आरोहीनं विचारलं.

"तू नेरळला टमटमनं जातेस ना? तीन माणसांच्या बाकावर सहा बसली की कसं होतं?"

"श्वासच येत नाय. आणि आईची पिशवी माज्या नाकावर येते."

"मातीच्या कणांचंही तसंच. त्यांना आपण दाटीवाटीनं बसवलंय. मधून हवेला जायला वाट नाही, पाण्यालाही नाही. आणि फणसाच्या मुळ्या त्याच टमटममधे बसल्यात."

मुलं हसली. मोतीबाई हसल्या नाहीत. त्या डब्याजवळ येऊन बसल्या, बोट पाण्यात बुडवलं, मग वर फणसाच्या उघड्या शेंड्याकडे पाहिलं.

"म्हंजे मास्तर, मी मारलं त्याला?"

"नाही हो. आधी सिमेंट आलं, मग रोलर, मग टेंपो, मग गाड्या. तुम्ही सगळ्यात शेवटी."

"पर मी बी."

"तुम्ही पण," मी म्हणालो. मुलांसमोर खोटं बोलायची मला सवय नाही.

त्यांनी ओलं बोट पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "खळं करताना माज्या मनात यायला पायजे व्हतं. खळ्यात कदी गवताची काडी उगवलीय का? जल्म गेला माजा खळी चोपण्यात."

"आता पुढे काय करायचं ते बघू."

"वाचंल?"

"ठाऊक नाही. माती पुन्हा मोकळी करता येते, पण हळूहळू. मुळ्या न तोडता."

ही बातमी देवव्रतला कळली. त्याच दुपारी तो नीलेशला घेऊन हजर झाला आणि त्यांच्यामागून धुरळा उडवत जेसीबी आला.

"सर, टेन्शन घेऊ नका," नीलेश म्हणाला. "माती घट्ट झालीय ना? मोकळीच करायची ना? बकेट घालतो, हातभर खोल उलटीपालटी करतो. अर्ध्या तासात भुसभुशीत! संध्याकाळी वरून लॉन अंथरतो, उद्घाटनाच्या पाहुण्याला कळणारसुद्धा नाही."

"आणि मुळ्या?"

"मुळ्या येतील वर, त्या बाजूला काढू."

देवव्रतनं त्याला थांबवलं नाही. त्याचा चेहरा मात्र श्राद्धाला बसलेल्या माणसासारखा शांत आणि तयार होता. तो मोतीबाईंकडे वळला आणि खाली वाकून म्हणाला, "काकी, आपण प्रयत्नांत कसूर ठेवणार नाही. पण समजा यश नाहीच आलं, तरी तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आम्ही ठरवलंय, इथं जे होईल त्याला तुमचंच नाव द्यायचं. 'मोतीबाई वाहनतळ'. संगमरवरी पाटी लावू."

जेसीबीनं हात वर उचलला. सावलीत बसलेली मुलं उठून उभी राहिली.

मोतीबाई हलल्या नाहीत. आवाज मात्र असा लागला, की पलीकडच्या शेतात बसलेले बगळे उडाले. "नीलेश! बकेट खाली ठेव!"

"काकी, मी भल्यासाठीच..."

"ठेव म्हन्ते ना खाली! माज्या भल्याचं झालं तेवडं पुरं."

नीलेशनं ड्रायव्हरला खूण केली. बकेट खाली आली आणि गुर्र गुर्र थांबलं.

"देवव्रत, इकडं ये रं," त्या म्हणाल्या. संस्थेच्या अध्यक्षाला आजवर कुणी असं बोलावलं नव्हतं. तो आला. "मला एक सांग. मेन रोडवरनं शाळंच्या फाटकापरेंत गाड्या कुटून येतात?"

"रस्त्यानं."

"रस्ता कुनाचा?"

देवव्रतनं नीलेशकडे पाहिलं. नीलेशनं रोलरकडे पाहिलं. तो रस्ता मोतीबाईंच्या दोन भातखाचरांमधून गेला होता. 'वापरा की, आपलीच शाळा हाय,' असं त्या म्हणाल्या होत्या आणि नीलेशनं तिथं मुरूम टाकून त्याच्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर रोलिंग केलं होतं. बक्षीसपत्रात रस्ता नव्हता. तेव्हा कुणाला सुचलं नव्हतं, कारण सगळ्यांचं लक्ष फणसाखालच्या जागेवर होतं.

"आदी मी चुकीची अट घातली," मोतीबाई म्हणाल्या. "झाड गेलं की जागा तुमाला, असं बोलले. मंग झाड का ऱ्हाईल? आता नवी अट ऐक. फणस उभा तवर रस्ता तुमचा. फणस गेला की त्या रस्त्यावर नांगर, आनि पावसात आवनीला तितं माजं भात. मंग तुमी हेलिकाप्टरनं या."

"काकी, असं एकदम..."

"आनि पाटी लाव की. 'मोतीबाई भातखाचर'."

पोरं खो खो हसली. पोरांना सगळं कळलं होतं असं नाही, पण अध्यक्षांना कुणीतरी रागावतंय एवढं नक्की कळलं होतं.

पुढच्या काही मिनिटांत मी जे पाहिलं ते चाळीसेक वर्षांच्या शिकवण्यात पाहिलं नव्हतं. देवव्रत माझ्याकडे आला, खिशातून पेन काढला आणि म्हणाला, "सर, मुळ्या किती खोल असतात म्हणालात? आणि किती लांबपर्यंत?" शाळेत त्यानं कधी शंका विचारली नव्हती.

मी सांगितलं. जेसीबी आल्या वाटेनं परत जाऊ दे, वळायला आत यायला नको. सारवण हातानं खरवडून काढायचं. पहारीनं मुळ्या चुकवत, ठिकठिकाणी, बारीक खोल भोकं पाडायची आणि त्यात कुजलेलं शेणखत भरायचं. पहार मुळीला लागली की तिथं थांबायचं, दुसरी जागा धरायची. वरून वीतभर जाड पालापाचोळा पसरायचा, खोडाला न चिकटवता. पाणी हळूहळू द्यायचं. मुलांना बसायचं असेल तर पाचोळ्यावर फळ्या टाकून. कुंपण पुन्हा घालायचं, पण या वेळी फाटकाशिवाय.

"फाटकाशिवाय?" नीलेशनं विचारलं.

"तुझ्यासाठी."

तो लाजला, पण पहार पहिली त्यानंच घेतली. आळीतल्या ज्या बायकांनी खळं चोपलं होतं त्याच खुरपी घेऊन आल्या आणि ते खरवडायला बसल्या. एक म्हणाली, "अगं बया, काल सांगायचं व्हतं की गं! माजा खांदा अजून दुकतोय."

"गप बस," मोतीबाई म्हणाल्या, "आनि हळू हान. खाली मुळी हाय."

पाचोळा पसरल्यावर कार्यकारिणीतल्या एका सभासदानं हरकत घेतली, की पाहुणे येणार आणि आवारात कचरा कसा दिसतो. देवव्रतनं त्याला कोपऱ्यात नेऊन पोकळी, हवा आणि मुळ्या यांवर चांगलं व्याख्यान दिलं. सगळं बरोबर होतं. त्यात त्यानं 'मी नेहमीच म्हणतो' असं तीनदा म्हटलं, पण मजकूर बरोबर असेल तर मी गुण कापत नाही.

उद्घाटनाचा मांडव फणसापासून लांब, मुरमाच्या टणक पटांगणात घातला. तिथं नीलेशनं मनसोक्त रोलर फिरवला आणि तो सुखी झाला. पाहुण्यांची गाडी सायरन वाजवत आली. ड्रायव्हरनं सावली पाहिली आणि सवयीनं चाक तिकडे वळवलं. तेवढ्यात फेटा बांधलेला, हातात पुष्पगुच्छ घेतलेला अध्यक्ष धावत जाऊन गाडीसमोर आडवा उभा राहिला.

"साहेब, इथं नाही! कृपा करून इथं नाही!"

"अहो, एकदाच तर..." पाहुण्यांनी काच खाली करून म्हटलं.

"एकदाही नाही, साहेब!" देवव्रत म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक भाताची रोपं डुलत होती.

पाहुणे उतरून चालत मांडवात गेले. भाषणं झाली. फणस पानं गाळतच होता, आणि आणखी दोन पावसाळे गेल्याशिवाय त्याच्याबद्दल काही सांगता येणार नव्हतं. तसं मी मोतीबाईंना सांगितलं होतं.

सत्कार आटोपल्यावर त्या मांडवातून बाहेर पडल्या आणि कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. आत जायला फाटक नव्हतं, फक्त मुलांसाठी खालून ठेवलेली एक फट होती.

"मास्तर," त्यांनी हळूच विचारलं, "मला जवळ जायाचं व्हतं. हात लावून यायचा व्हता त्याला. माजं वजन चालंल का?"

"चालेल," मी म्हणालो. "चपला इथं काढा, आणि फळीवरून जा."

त्यांनी चपला काढल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि फटीतून वाकून आत गेल्या. फळी संपते तिथं त्या थांबल्या आणि तिथूनच पुढे झुकून, एक पाय हवेत धरून, हात लांबवून खोडाला टेकवला.